किक बसली म्हणजे गाडी तयार झाली?

बारावी झाली की पोराला जुनी मोटारसायकल घेऊन द्यायची, ही आपल्या मोहल्ल्यांतली रीत. चार-पाच वर्षं उभी असलेली गाडी उद्यमनगरात न्यायची, कार्बोरेटर साफ, बॅटरी नवी. किक बसली की अब्बा खूश!

मला हे पटत नाही. नवशिक्याची गाडी सुरू होण्याआधी नीट थांबली पाहिजे. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं. टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. ब्रेकचे लायनर उघडून बघा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी बुडाली होती का, हे स्पष्ट विचारा.

आणि कागद? "नावावर नंतर करू" म्हणत वर्षं जातात. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे विश्वासाने गाडी विकणारा शेजारी अडकतो.

अमानत आपण पैशापुरतीच मानतो. शेजाऱ्याचं नाव आणि आपल्या पोराचा जीव, दोन्ही अमानतच आहेत. म्हणून आधी ब्रेक, टायर, आरटीओ, विमा, हेल्मेट. रंग आणि हॉर्न नंतर. आणि अठरा पूर्ण होऊन लायसन्स हातात येईपर्यंत चावी अब्बांच्याच खिशात.