बाळंतपणाची तारीख एकदाच ठरवा

आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट हातात आला, की घरातले सगळे आधी डिलिव्हरीची तारीख शोधतात. ती पहिल्या रिपोर्टपेक्षा दहा-बारा दिवसांनी पुढे सरकलेली दिसली, की दिवस मोजण्यात चूक झाली की काय, अशी कुजबुज सुरू होते. वास्तविक ती नवी तारीख वाचायचीच नसते. पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीने ठरलेली तारीख पुढच्या कोणत्याही रिपोर्टने बदलू नये आणि केंद्रांनीही दर वेळी नवी तारीख छापणे थांबवावे, असे माझे मत आहे.

आठव्या आठवड्यात गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत साधारण १६ मिलिमीटर असतो, बाराव्यात ५४ च्या आसपास. या काळात गर्भ जवळपास सारख्याच गतीने वाढतात, आई उंच असो वा ठेंगणी. म्हणून मोजताना दोन मिलिमीटरची चूक झाली, तरी हिशेब दीड-दोन दिवसांनीच हुकतो. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये मांडलेली ही पद्धत चौदाव्या आठवड्यापर्यंत पाच-सात दिवसांच्या फरकाने वय सांगते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मात्र हा फरक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकतो. तेव्हा यंत्र डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजते आणि एवढ्या मापाचे बाळ सरासरी किती आठवड्यांचे असते ते छापते. आकाराला वय समजण्याची ही गफलत महागात पडते. ३४ आठवड्यांचे बाळ ३२ आठवड्यांचे दिसले, तर त्याची वाढ खुंटलेली असू शकते. पण तारीख दोन आठवडे पुढे ढकलली, की धोक्याची ती खूणच कागदावरून पुसली जाते. याउलट मधुमेही आईचे थोराड बाळ वयाने मोठे ठरते आणि फुप्फुसे पुरती तयार नसताना सिझेरियन होण्याचा धोका राहतो.

पाळीची तारीख पक्की आठवत असेल तर सोनोग्राफी हवीच कशाला, असे विचारले जाते. पाळीवरून काढलेले २८० दिवसांचे गणित २८ दिवसांचे चक्र गृहीत धरते आणि सगळ्यांची पाळी इतकी शहाण्यासारखी वागत नाही. दोन्ही तारखांत थोडाच फरक असेल तर पाळीची तारीख खुशाल ठेवावी. आठवड्याहून जास्त असेल तर सुरुवातीच्या सोनोग्राफीचे ऐकावे. नेमक्या तारखेला जेमतेम चार-पाच टक्के बाळे जन्मतात, मग एवढा आटापिटा का, हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन द्यायचे की नाही, कळा कधी आणायच्या, हे निर्णय याच तारखेवरून मोजून घेतले जातात.

खरी अडचण उशिरा येणाऱ्यांची आहे. ऊसतोडीला गेलेली बाई सहाव्या महिन्यात पहिल्यांदा तपासणीला आली, तर पहिल्या तिमाहीचा रिपोर्ट आणायचा कुठून? आयआयटी मद्रास आणि फरिदाबादच्या संशोधकांनी २०२४ मध्ये भारतीय गर्भवतींच्या माहितीवरून अशा उशिराच्या महिन्यांसाठी नवे सूत्र मांडले. परदेशी आकड्यांवर बेतलेल्या जुन्या सूत्रांपेक्षा ते आपल्याला जवळचे आहे. तरी मोजायचा तो आकारच. अशा वेळी तारखेशेजारी ‘उशिराच्या सोनोग्राफीवरून’ असे स्पष्ट लिहावे, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून बाळ वाढते आहे ना ते पाहावे आणि माता व बाल संरक्षण कार्डावर एकदा लिहिलेली तारीख खोडू नये.