पहारेकरीच दारात आडवा पडला तर?

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांना एक छोटीशी सुधारणा धाडली. शत्रूला ओळखण्याच्या काही नव्या खुणा तीत होत्या. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेण्यात आली. मधल्या ७८ मिनिटांत जे घडले त्याचा मायक्रोसॉफ्टने केलेला अंदाज असा, की विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. ते निळ्या पडद्यावर येऊन थिजले, आपोआप बंद झाले, आपोआप सुरू झाले आणि पुन्हा त्याच निळ्या पडद्यावर आले. मुंबई व दिल्लीच्या विमानतळांवर अकासा कंपनीच्या काही ऑनलाइन सेवा बंद पडल्या. इंडिगोच्या प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. बॉलपेनची प्रतिष्ठा एका दिवसात इतकी वाढल्याचे उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नसावे.

कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपल्याकडे म्हटले जाते आणि त्या वेळी अनेकांनी तसे म्हटलेही. परंतु ही म्हण येथे नेमकी लागू पडत नाही. म्हणीतले कुंपण लबाड आहे. येथे लबाडी कोणाचीच नव्हती. पहारेकरी प्रामाणिक होता, जागा होता, आणि नेमका दारातच चक्कर येऊन आडवा पडला. त्यामुळे चोर आत येऊ शकला नाही, पण घरधनीही बाहेरच राहिला. हा फरक केवळ शब्दांचा नाही. लबाडीला शिक्षा करता येते. प्रामाणिक चुकीची किंमत कोणी मोजावी हा अधिक अवघड प्रश्न आहे, आणि तो मुख्यतः अर्थशास्त्राचा आहे.

प्रथम हे चक्र का सुरू होते ते समजून घेतले पाहिजे. संगणकातील सामान्य कार्यक्रम, म्हणजे पत्रलेखनाचा किंवा हिशेबाचा, मूळ प्रणालीच्या ओसरीवर बसून काम करतो. तो कोसळला तर तेवढाच बंद पडतो. विषाणूरोधक कार्यक्रमाला मात्र माजघरात, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात जागा द्यावी लागते, कारण चोर ओसरीवर थांबत नाही. गाभ्यातला कार्यक्रम चुकला तर पुढील नुकसान टाळण्यासाठी प्रणाली स्वतःच सर्व व्यवहार थांबवते; निळा पडदा तो हाच. शिवाय संगणक सुरू होताना इतर सर्वांच्या आधी पहारेकरी जागा व्हावा अशी योजना असते. त्यामुळे सदोष पहारेकरी प्रत्येक वेळी सर्वांआधी जागा होतो आणि प्रत्येक वेळी सर्वांआधी कोसळतो. दुरुस्त केलेली फाइल इंटरनेटवर तयार असूनही ती उतरवून घेण्याइतका वेळ यंत्र जिवंत राहतच नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडवरील काही ग्राहकांना, यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहा, प्रसंगी पंधरा वेळाही करावे लागेल, असा सल्ला दिला होता. त्यातले तर्कशास्त्र इतकेच, की एखाद्या वेळी कोसळण्यापूर्वीच नवी फाइल हाती लागावी.

आणि मूळ दोष कोणता? कंपनीनेच नंतर प्रसिद्ध केलेल्या चौकशी-अहवालानुसार, एका तपासणीसाठी एकवीस रकाने अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात वीसच पुरवले जात होते. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्याची अट ‘काहीही चालेल’ अशी असल्याने तो कोणी उघडून पाहिला नाही. १९ जुलैला प्रथमच त्या रकान्यात विशिष्ट गोष्ट शोधण्याची आज्ञा झाली, आणि यंत्राने जेथे काहीच नव्हते तेथे हात घातला. कोष्टकाच्या एका रकान्याची ही चूक कोणत्याही कार्यालयातील लेखनिकाला ओळखीची वाटावी. फरक एवढाच, की लेखनिकाची चूक त्याच्या वहीपुरती राहते.

हे प्रथमच घडले असे नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी या कंपनीच्या विषाणूरोधकाने एका नव्या यादीच्या आधारे विंडोज एक्सपीमधील ‘एसव्हीचोस्ट’ ही अत्यावश्यक फाइलच विषाणू समजून बंदिस्त केली. परिणाम तोच: यंत्रे पुन्हा पुन्हा सुरू होत राहिली, जाळ्याशी संबंध तुटला, अमेरिकेतील रुग्णालये व पोलिस कार्यालये खोळंबली. इंटेललाही तेव्हा फटका बसल्याच्या बातम्या होत्या. त्याच इंटेलने चार महिन्यांनी ७६८ कोटी डॉलरना मॅकॅफी विकत घेण्याचे जाहीर केले. बाजारपेठ चुकीला शासन करते असे आम्ही वर्गात शिकवतो. ते नेहमी खरे असतेच असे नाही.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की पहारेकरीच नको. तो निष्कर्ष आपल्याला, विशेषतः महाराष्ट्राला, परवडणारा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले. ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणानंतर अवघ्या बारा दिवसांनी, सी-एज या सेवापुरवठादार कंपनीवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाला तिचा संबंध तोडावा लागला. देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे खातेदार त्यामुळे काही काळ यूपीआयसारख्या देयक-सेवांपासून वंचित झाले. हे खातेदार विमानाने फिरणारे नव्हते. सहकारी व ग्रामीण बँकांत पगार, निवृत्तिवेतन किंवा दुधाचे पैसे जमा होणारे होते. १९ जुलैच्या घटनेत मात्र, रिझर्व्ह बँकेच्या निवेदनानुसार, आपल्याकडील केवळ दहा बँका व वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले. महागडा पहारेकरी मोजक्यांनाच परवडतो, हे त्याचे एक कारण. गरिबीने कधीकधी असेही रक्षण होते. पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

सुधारणा उशिरा घ्यावी, इतरांचे काय होते ते पाहून मग घ्यावी, हा सल्लाही अर्धवट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. त्याने वापरलेली फट बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. जे थांबले ते फसले. उलट पुढच्याच महिन्यात, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतूनच पसरला, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात शिरला, आणि आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम त्याने ठप्प केले. तेथे ज्यांनी तत्परतेने सुधारणा घेतली तेच आधी सापडले. घ्यावे तरी पंचाईत, न घ्यावे तरी पंचाईत, अशी ही स्थिती आहे. तेव्हा सुधारणा घ्यावी की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ती किती जणांनी एकाच क्षणी घ्यावी, हे ठरवणे महत्त्वाचे आहे.

सोलापूरच्या वाचकांना हा मुद्दा गिरणीच्या भाषेत लगेच कळेल. वाफेच्या युगातील गिरणीत एकच इंजिन असे. छताखालून फिरणारा एक लांब लोखंडी दांडा आणि त्यावरून प्रत्येक मागाला जोडलेला पट्टा. शक्तीचे उत्पादन त्यामुळे स्वस्त पडे, पण दांडा थांबला की खाते थांबे. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र विजेची मोटार आली. शहराच्या पूर्व भागातील यंत्रमागावर चादर किंवा टॉवेल विणणारा कामगार आज शेजारच्या मागाची मोटार जळाली म्हणून हात बांधून बसत नाही. विजेच्या मोटारीने उद्योगाला दिलेली ही विकेंद्रित मजबुती संगणकाच्या युगात आपण नकळत परत केली आहे. बाधित झालेले ८५ लाख संगणक हे विंडोजवरील एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी होते, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले. तरीही जग थांबले, कारण तो एक टक्का विमानतळ, बँका, रुग्णालये अशा नेमक्या ठिकाणी एकवटलेला होता, आणि त्या सर्वांचा दांडा एकच होता.

कंपनीच्या ग्राहकांना मुख्य कार्यक्रमाची जुनी आवृत्ती राखण्याची मुभा होती, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु ओळखखुणांच्या फाइली सर्वांना एकाच वेळी जात आणि त्यावर ग्राहकाचे नियंत्रण नव्हते. आधी थोड्यांना, मग अधिकांना, शेवटी सर्वांना, असा टप्प्याटप्प्याचा क्रम लावण्याचे आश्वासन कंपनीने घटनेनंतर दिले. बियाण्याचे नवे वाण आपण आधी एका वाफ्यात लावून पाहतो. इतका साधा विवेक कोट्यवधी डॉलरच्या उद्योगात घटनेनंतर यावा, हे आश्चर्यच होय. तथापि त्यामागे स्पर्धेचे गणित आहे. सुरक्षेच्या बाजारात ‘आम्ही सर्वांत आधी संरक्षण देतो’ ही जाहिरात विकली जाते. ‘आम्ही दोन तास थांबून खात्री करतो’ ही विकली जात नाही.

आता किंमत कोणी मोजली ते पाहू. डेल्टा या अमेरिकी विमान कंपनीची पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली. आपले नुकसान ५० कोटी डॉलरचे असल्याचे सांगून तिने ऑक्टोबर २०२४ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयात दावा लावला. करारानुसार आपली जबाबदारी फार तर काही दशलक्ष डॉलरपुरती, तीही एकअंकी, मर्यादित आहे, असे क्राउडस्ट्राइकच्या वकिलांनी त्यापूर्वीच कळवले होते. सॉफ्टवेअर बसवताना आपण न वाचता ज्या मजकुराखाली ‘मान्य’ म्हणतो, त्यात बहुधा अशीच कलमे असतात. डेल्टाजवळ वकिलांची फौज आहे. आपल्या एखाद्या माध्यमिक शाळेच्या कार्यालयाजवळ काय आहे?

असे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. दोन संगणक, एक लिपिक, शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची अंतिम तारीख, आणि सकाळी विषाणूरोधकाची नवी आवृत्ती घेतल्यापासून पुन्हा पुन्हा सुरू होणारे यंत्र. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो सर्व पुसून नव्याने बसवण्याचा. दुरुस्तीवाल्याला तो सोपा असतो आणि कार्यालयाची पाच वर्षांची नोंद त्यात जाते. वस्तुतः बहुधा त्याची गरज नसते. विंडोज काही वेळा सुरू होण्यात अपयशी ठरली की दुरुस्तीचा पडदा आपोआप समोर येतो. त्यातून ‘सेफ मोड’ निवडला असता प्रणाली केवळ अत्यावश्यक भागांनिशी उभी राहते आणि बाहेरून बसवलेला पहारेकरी सहसा निजलेलाच राहतो. तेवढ्यात त्याला काढून टाकावे. बहुतेक उत्पादक त्यासाठी स्वतंत्र साधन देतात. क्राउडस्ट्राइकच्या वेळी जगभरच्या तंत्रज्ञांनी हेच केले: यंत्रापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये, ती एक फाइल खोडली. एका यंत्रावर दोन विषाणूरोधक नांदत असतील तर भांडण त्यांचे आपसांतलेही असू शकते. मात्र एक अडचण आधीच ओळखून ठेवावी. नव्या संगणकांतील साठा पुष्कळदा मालकाच्या नकळत कुलूपबंद असतो आणि दुरुस्तीच्या वेळी यंत्र ४८ आकड्यांची किल्ली मागते. जुलै २०२४ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांच्या किल्ल्यांचा साठा बंद पडलेल्या यंत्रातच होता, अशा कहाण्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. ती किल्ली कागदावर लिहून आवक-जावक नोंदवहीशेजारच्या कपाटात ठेवणे, आणि नोंदींची एक प्रत एरवी यंत्राला न जोडलेल्या डिस्कवर ठेवणे, याला फारसा खर्च येत नाही. परंतु शाळांच्या वेतनेतर अनुदानातून एवढीही तरतूद करताना मुख्याध्यापकांना कसरत करावी लागते, आणि दुसरीकडे त्याच शाळांकडून प्रत्येक माहिती ऑनलाइन मागितली जाते. अर्ज संगणकावरच घ्यायचे असतील, तर यंत्र बंद पडल्याच्या दिवशी मुदत आपोआप वाढेल किंवा कागदी अर्ज स्वीकारला जाईल, असा नियम करणे हे मागणाऱ्याचे कर्तव्य ठरते. विमान कंपनीने हाताने पास लिहून विमान सोडले. शासकीय संकेतस्थळाला तेवढी लवचिकता का नसावी?

कायद्याची स्थितीही समाधानकारक नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष उत्पादनाबद्दलच्या जबाबदारीसाठी स्वतंत्र प्रकरण दिले. पण व्यापारी कारणासाठी खरेदी करणारा, स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्याचा अपवाद सोडल्यास, त्या कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच नव्हे. पतसंस्था, यंत्रमाग कारखाना, खासगी रुग्णालय यांना त्यामुळे त्या दारातून आत जाताना अडचण येते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअर हे ‘उत्पादन’ आहे असे स्पष्ट म्हटले असून, सदस्य देशांनी ९ डिसेंबर २०२६ पर्यंत तो आपल्या कायद्यात उतरवायचा आहे. तोही मुख्यतः व्यक्तींपुरताच आहे. संस्थांच्या धंद्यातील नुकसानीला त्यात जागा नाही.

याच युरोपीय संघाशी २००९ मध्ये झालेल्या समझोत्याकडे मायक्रोसॉफ्टने जुलै २०२४ नंतर बोट दाखवले. प्रतिस्पर्ध्यांनाही गाभ्यापर्यंत तितकाच प्रवेश द्यावा लागत असल्याने आपण दार बंद करू शकत नाही, असा तिचा युक्तिवाद होता. अ‍ॅपलने ते दार २०२० पासून बाहेरच्यांसाठी हळूहळू बंद करत आणले आहे. मक्तेदारी मोडण्यासाठी उघडलेले दार सुरक्षेसाठी बंद करायचे, तर माजघरात शेवटी एकटी मायक्रोसॉफ्टच उरेल आणि पुन्हा दांडा एकच होईल. पहारेकऱ्यांना गाभ्याबाहेर बसवून काम करू देण्याची योजना तिने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. बाहेर बसणाऱ्यांच्या रांगेत तिचा स्वतःचा पहारेकरीही इतरांच्या बरोबरीने बसतो की नाही, इकडे आपल्या स्पर्धा आयोगाने लक्ष ठेवायला हवे. कारण पुण्यात घडलेले क्विक हीलसारखे उत्पादन, साताऱ्याच्या रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानापासून उभे केलेले, त्याच रांगेत आहे.