थांबणे हा गुन्हा कधी झाला? पादचारी पुलांची एक उपेक्षित कथा

(धागा)

१/ लास वेगास हे शहर आल्या पाहुण्याला थांबवून ठेवण्याच्या कलेवर उभे आहे. मात्र तेथील सर्वांत प्रसिद्ध रस्त्यावरच्या पादचारी पुलांवर उगाच थांबणे २०२४ मध्ये दंडनीय अपराध ठरवण्यात आले. हा नियम विक्षिप्त वाटेल, पण त्याची मुळे दीडशे वर्षे मागे जातात. या इतिहासाच्या तळाशी एकच प्रश्न आहे: रस्ता कोणाचा?

२/ प्रारंभ न्यूयॉर्कपासून करू. १८६० च्या दशकात ब्रॉडवे आणि फुल्टन स्ट्रीट यांच्या चौकात घोडागाड्यांची एवढी दाटी असे की रस्ता ओलांडणे हे धाडस ठरे. मोटार तेव्हा जन्मालाही आली नव्हती. १८६७ मध्ये या चौकावर ओतीव लोखंडाचा पादचारी पूल लोकांसाठी खुला झाला. त्याचे नाव लो ब्रिज.

३/ जेनिन नावाच्या टोप्यांच्या व्यापाऱ्याने अशा पुलाची मागणी कित्येक वर्षे लावून धरली होती. गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत सुखरूप येता यावे, एवढाच त्याचा हेतू. नॉक्स नावाच्या दुसऱ्या टोपीवाल्याला मात्र हाच पूल डोळ्यांत खुपू लागला, कारण त्याच्या दुकानाचा उजेड अडला. वाद न्यायालयात गेला आणि १८६८ मध्ये पूल उतरवण्यात आला. पुरते दोन उन्हाळेही त्याच्या वाट्याला आले नाहीत.

४/ या अल्पायुषी पुलाची एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यावरून टिपलेली ब्रॉडवेची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. म्हणजे पूल केवळ ओलांडण्यासाठी नव्हता. तिथे उभे राहून खालचे शहर डोळे भरून पाहता येत असे. ज्याला रस्त्यावरून उचलून वर नेले, त्या पादचाऱ्याला निदान तिथे थांबण्याची मोकळीक होती.

५/ मग मोटार आली. तोवर रस्ता चालणारे, फेरीवाले, गाड्या आणि खेळणारी मुले या सर्वांचा होता. वाढत्या अपघातांचा दोष आपल्या माथी येऊ नये म्हणून मोटार उद्योगाने आणि मोटारमालकांच्या संघटनांनी ‘जेवॉकर’ हा शब्द प्रचारात आणला. ‘जे’ म्हणजे गावंढळ. लॉस एंजेलिसने १९२५ मध्ये केलेली वाहतूक नियमावली पुढे अनेक शहरांनी उचलली. एका पिढीच्या आत रस्त्याचा धनी बदलला आणि चालणारा त्यावरचा उपरा झाला.

६/ आता लास वेगासकडे वळू. ज्याला जग ‘स्ट्रिप’ म्हणते, तो रस्ता खरे तर शहराच्या हद्दीबाहेर, क्लार्क काउंटीच्या कारभाराखाली येतो. मोठमोठ्या कॅसिनोंमुळे तिथे पायी फिरणाऱ्यांची झुंबड उडू लागली, आणि रस्ता तर अनेक पदरी. १९९० च्या दशकात ट्रॉपिकाना अव्हेन्यूच्या चौकापासून पूल उभे राहू लागले. सरकते जिने आले, लिफ्ट आल्या. खाली जमिनीवरून ओलांडण्याची वाट मात्र कठड्यांनी बंद झाली.

७/ न्यायाने बोलायचे तर या पुलांनी माणसे आणि वेगवान वाहने यांना एकमेकांपासून दूर ठेवले. ही गोष्ट लहान नव्हे. पण वळसा कोणाच्या वाट्याला आला, हेही पाहावे. मोटारीला सरळ वाट मिळाली. चालणाऱ्याला चढ, उतार आणि थेट कॅसिनोच्या दारात नेऊन सोडणारी मार्गिका. सरकता जिना बंद पडला की वृद्धांचे व अपंगांचे हाल होतात, ते वेगळेच.

८/ २ जानेवारी २०२४ रोजी क्लार्क काउंटीने पुढचे पाऊल उचलले. पुलांवर आणि त्यांच्या जिन्यांभोवतीच्या २० फुटांत थांबणे किंवा इतरांना थांबायला लावणे गुन्हा ठरले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, १००० डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कारण सांगितले गेले सुरक्षिततेचे, आणि अरुंद पुलावरची कोंडी धोक्याची असते, हे खरेच आहे. पण धक्काबुक्की करणाऱ्याला रोखणारा नियम वेगळा आणि निव्वळ उभे राहणाऱ्याला अपराधी ठरवणारा वेगळा.

९/ अमेरिकी न्यायालयांनी या भागात पूर्वीच काही सीमारेषा आखल्या आहेत. व्हेनेशियन कॅसिनोसमोरचा पदपथ खासगी जमिनीवर असला तरी तिथे जनतेचा अभिव्यक्तीचा हक्क कायम राहतो, असा निकाल २००१ मध्ये लागला. म्हणूनच नव्या नियमाला नागरी हक्कांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले. रस्त्यावरचा गायक, पत्रके वाटणारा, मागून खाणारा, या सर्वांचे अस्तित्वच थांबण्यावर अवलंबून असते.

१०/ आणि दुसरा मार्ग नव्हता, असेही नाही. याच लास वेगासच्या जुन्या भागातील फ्रीमॉन्ट स्ट्रीटचा मोठा पट्टा १९९४ मध्ये वाहनांसाठी बंद झाला आणि पुढच्या वर्षी त्यावर दिव्यांचे प्रचंड छत आले. तिथे चालणाऱ्याला वर चढवले नाही. मोटारीला बाजूला केले. कलावंतांवरील निर्बंधांचे वाद तिथेही झाले, परंतु २००३ मध्ये न्यायालयाने ती जागा सार्वजनिकच असल्याचा निर्वाळा दिला.

११/ माझे मत स्पष्ट आहे. पादचारी पूल ही बहुतेक वेळा चालणाऱ्याला दिलेली भेट नसते. त्याच्याकडून घेतलेल्या जमिनीची ती भरपाई असते. भरपाई म्हणून मिळालेल्या त्या चार हात जागेतही उभे राहू न देणे, हा दुहेरी अन्याय आहे. पूल हवेतच, पण महामार्गांवर आणि लोहमार्गांवर. जिथे शहर जगते, तिथे आधी वाहनांचा वेग उतरावा, माणसांनी जिने चढू नयेत.

१२/ आपल्या शहरात नवा पादचारी पूल किंवा स्कायवॉक मंजूर झाल्याची बातमी आली की दोन प्रश्न अवश्य विचारा. याने खालचा रस्ता कोणासाठी मोकळा होणार? आणि वर गेल्यावर मला थांबता येईल का? चौकात थबकून चार माणसांशी बोलणे, हीच तर नगरजीवनाची सुरुवात आहे. सहमत नसाल तर आपला प्रतिवाद जरूर मांडा, वाचायला आवडेल.