पारंबी अधांतरी का राहिली?

वटवृक्षाची पारंबी भूमीला टेकली, तर तिचेच खोड होते आणि मूळ वृक्षाला नवा आधार मिळतो. ती अधांतरी राहिली, तर कालांतराने वाळून जाते. एखाद्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या पोटातून जेव्हा दुसरी मालिका जन्म घेते, तेव्हा तिलाही हाच नियम लागू पडतो. ब्रिटनमधील ‘क्लास’ या मालिकेची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे. मोठ्या प्रतीक्षेनंतर ती आली आणि आठ भागांतच संपली. प्रश्न त्या देशाचा असला, तरी त्यातील बोध आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचणारा आहे.

काळातून आणि अवकाशातून प्रवास करणाऱ्या एका परग्रहवासीची कथा सांगणारी ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या कथेचे दिग्दर्शन लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन या तरुणाने केले होते. १९८९ मध्ये मालिका थांबली, २००५ मध्ये पुन्हा अवतरली. नायकाची भूमिका करणारे नट बदलत गेले. पण शनिवारी सायंकाळी आजोबा, वडील आणि नातू यांनी एकत्र बसून ती पाहावी, ही रीत पुष्कळ घरांत टिकून राहिली. पाश्चात्त्य समाजात कुटुंबसंस्था खिळखिळी झाली आहे, असे आपण सतत ऐकतो. त्याच समाजातील एक मालिका घराला काही काळ तरी एका ठिकाणी बसवत होती, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

१ ऑक्टोबर २०१५ रोजी बीबीसीने या वृक्षाच्या नव्या पारंबीची घोषणा केली. कथानक लंडनच्या ‘कोल हिल’ शाळेत घडणार होते. हीच ती काल्पनिक शाळा, जिथून १९६३ ची पहिली कथा सुरू झाली होती. लेखनाची धुरा पॅट्रिक नेस यांच्याकडे होती. किशोरवयीनांसाठी लिहिणाऱ्या या साहित्यिकाला मानाचे कार्नेगी पदक लागोपाठ दोन वर्षे, २०११ आणि २०१२ मध्ये, लाभले होते. शिवाय २०१६ मध्ये मूळ मालिकेचा पूर्ण हंगाम होणार नव्हता. नाताळचा एकच विशेष भाग येणार होता. साहजिकच सारी उत्कंठा ‘क्लास’वर एकवटली. जुन्या प्रेक्षकांना शाळेच्या नावाची ओढ होती, तर नव्यांना आपल्याच वयाच्या नायक-नायिकांची. दोन पिढ्यांची प्रतीक्षा एकाच कथेवर खिळावी, हा योग दुर्मीळच!

या योगाचे पुढे काय झाले? खर्चकपातीच्या धोरणात बीबीसीने ‘बीबीसी थ्री’ ही तरुणांची वाहिनी फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरचित्रवाणीवरून हटवून केवळ इंटरनेटवर ठेवली होती. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी ‘क्लास’ तेथेच अवतीर्ण झाली. मुख्य वाहिनीवर तिला जागा मिळाली ती जानेवारी २०१७ मध्ये, तीही रात्री उशिरा. त्याच वर्षी ती बंद झाल्याचे जाहीर झाले. कथा ऐन पेचात सोडून दिली गेली. २०१८ पासून काही श्राव्य नाट्ये निघाली, पण पडद्यावरील प्रश्न पडद्यावर सुटले नाहीत.

प्रेक्षक लाभले नाहीत, हे कारण पुढे करणे सोपे आहे. परंतु प्रेक्षक एकत्र येतील अशी जागा तरी दिली होती काय? जी कथा दिवाणखान्यात वाढली, तिची पारंबी प्रत्येकाच्या स्वतंत्र, एकाकी पडद्यावर सोडून दिली गेली. आशयातही तेच घडले. पहिल्याच भागात राम सिंग या शीख कुटुंबातील फुटबॉलपटू मुलाच्या डोळ्यांसमोर त्याच्या मैत्रिणीची हत्या होते आणि त्याचा पाय तुटतो. असा रक्तपात लहान भावंडांनी वडीलधाऱ्यांसोबत पाहावा कसा? वास्तविक राम आणि त्याचे वडील यांचे नाते हा या मालिकेचा सर्वांत हृद्य भाग होता. मुलगा आपले दुःख वडिलांपुढे उघड करतो आणि वडील त्याच्या पाठीशी उभे राहतात. शेवटच्या भागात तो पिताही मारला जातो.

यावर कोणी म्हणेल, तरुणांपासून मृत्यू आणि हिंसा लपवून का ठेवावी? लपवू नयेच. महाभारताने सोळा वर्षांच्या अभिमन्यूचा वध लपवलेला नाही. परंतु ती कथा आपल्याकडे मुलांनी आजीच्या मांडीवर किंवा कीर्तनात ऐकली. ऐकताना रडू आले, तर पाठीवरून फिरणारा हात जवळ होता. कथा कठोर असावी की सौम्य, हा गौण प्रश्न आहे. ती ऐकताना मूल एकटे असते की कोणासोबत, हा खरा प्रश्न आहे.

याच वृक्षाची दुसरी पारंबी रुजली होती, हे येथे ध्यानात घ्यावे. ‘द सेरा जेन ॲडव्हेंचर्स’ ही बालकांसाठीची मालिका २००७ ते २०११ पर्यंत चालली. मूळ मालिकेतील १९७३ पासूनची परिचित नायिका तिच्या केंद्रस्थानी होती. शेजारी राणी चंद्रा ही भारतीय वंशाची मुलगी आणि तिचे आईवडील होते. नायिकेची भूमिका करणाऱ्या एलिझाबेथ स्लेडन यांच्या निधनामुळेच ती थांबली. तिथे वडीलधारे आणि मुले एकाच अंगणात होती.

आपल्यालाही अशी प्रतीक्षा अपरिचित नाही. १९८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘रामायण’ संपत आले, तेव्हा लव-कुशांची कथाही दाखवावी, यासाठी उत्तर भारतातील काही शहरांत सफाई कामगारांनी संप केले. समाजातील सर्वांत कष्टकरी बांधवांनी वाल्मीकींच्या आश्रमातील कथेवर आपला हक्क सांगितला आणि ‘उत्तर रामायण’ साकार झाले. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा लागली, तेव्हा नातवंडे आजी-आजोबांशेजारी बसली.

बीबीसीला आपली चूक उमगायला वेळ लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘बीबीसी थ्री’ पुन्हा दूरचित्रवाणीवर आली. ‘क्लास’ मात्र परतली नाही. संस्था निर्णय फिरवू शकते, मुलांचे निघून गेलेले वय परत आणू शकत नाही. आज आपल्या घरांतही प्रत्येक खोलीत वेगळा पडदा उजळतो आणि आपला मुलगा कोणत्या कथेची वाट पाहत आहे, हे वडिलांना ठाऊक नसते. ती कथा परदेशी आहे म्हणून नाक मुरडल्याने काही साधणार नाही. आठवड्यातून एक दिवस त्याच्या शेजारी बसावे, त्याची कथा पाहावी आणि मग त्याला आपली सांगावी. संघटनेचा कार्यकर्ता शाखेचे मोल जाणतो. मूळ वृक्षाशी आणि मातीशी नाते राहिले, तरच शाखेला पालवी फुटते. घरातील पुढच्या पिढीचेही तसेच आहे.