करमणुकीचे वावडे

ऐन दिवाळीत उन्हाळ्याच्या सुटीतल्या पुस्तकांचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठी घालू नये. वैशाखात वाचायची पुस्तके वैशाखातच शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती काय लागते, ते आपण दरवर्षी पाहतो. परीक्षा संपते, पोर दोन दिवस उनाडते, तिसऱ्या दिवशी वडील घाईघाईने दुकान गाठतात आणि ‘मुलांवर चांगले संस्कार होतील असे काहीतरी द्या’ म्हणून सांगतात. दुकानदारही शहाणा. तो थोरांच्या बालपणाचे, सुविचारांचे, यशाच्या पायऱ्यांचे असे चार-पाच नग बांधून देतो. सुटीभर ते कपाटात राहतात आणि मृगात त्यांना वाळवी लागते. मग वडील उसासा टाकतात, ‘हल्लीची मुले वाचीत नाहीत!’

हा मुलांवर घातलेला निव्वळ आळ आहे. मुले वाचीत नाहीत ती पुस्तके नव्हेत, पुठ्ठ्यात बांधलेले उपदेश आहेत. आपल्या सुशिक्षित घरांतून एक विचित्र सोवळे कधीचे येऊन बसले आहे. जे गोड लागते ते हलके, आणि जे चांगले ते काढ्यासारखे नाक दाबून घ्यायचे! म्हणून पुस्तक वाचताना पोर मोठ्याने हसले की लगेच आतल्या खोलीतून प्रश्न येतो, ‘काय वाचतोस रे?’ तेच तोंड पाडून वाचत बसले असते तर कोणी विचारले नसते.

बरे, हे सोवळे वाडवडिलांचे म्हणावे तर तसेही नाही. हरि नारायण आपट्यांनी १८९० साली साप्ताहिक काढले, त्याचे नाव ‘करमणूक’. बालविवाहाचे आणि विधवेच्या केशवपनाचे दुःख सांगणारी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः आली ती याच ‘करमणुकी’त. ‘पुढे काय झाले?’ या एका उत्सुकतेच्या बळावर हरिभाऊंनी ते दुःख घराघरांत नेले. निबंधाला ते साधले नसते. का. र. मित्रांनी १९०९ साली ज्या मासिकाचा दिवाळी अंक काढून ही प्रथाच पाडली, त्याचे नाव ‘मनोरंजन’. तुमच्या हातातला हा अंक त्याच घराण्यातला आहे.

आणखी मागे जायचे तर दौलताबादेला जावे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवर आपण सुटीत मुलांना तेथे उतरवतोच. कातळ तव्यासारखा तापलेला असतो. अंधारीतून चाचपडत बाहेर येईतो मुले श्वास रोखून असतात आणि बाहेर आली रे आली की आपण त्यांना सनावळी पाजू लागतो : १२९६ ची अल्लाउद्दीनाची स्वारी, १३२७ ला तुघलकाने राजधानी हलवली. घरी आल्यावर विचारून पाहा. अंधारी आठवते, सनावळी आठवत नाही. यात मुलांचे काय चुकले? चौदाव्या शतकात येथे येऊन गेलेला इब्न बतूता हा मोरोक्कोचा जगप्रवासी, त्यालाही येथले उंदीर लिहून ठेवावेसे वाटले. घोर अपराध करणाऱ्यांना या किल्ल्यातल्या तळघरांत टाकीत आणि तेथले उंदीर मांजराहून मोठे असत, इतके की मांजरेच त्यांना भिऊन पळत, असे तो सांगतो. दहा वर्षांचे पोर हे ऐकून आधी हसेल, मग त्याच्या अंगावर काटा येईल आणि मग ते विचारील : तळघरात कोणाला टाकीत? कशासाठी? टाकणारा कोण? इतिहास येथे सुरू झाला. तो उंदराच्या शेपटीला धरून आला म्हणून त्याला घरात घ्यायचे नाही काय?

याच किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी पैठणचे एकनाथ राहिले, असे परंपरा सांगते. हिशेबात एका पैचा घोळ होता, तो शोधण्यासाठी नाथ रात्रभर जागले आणि चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. मुलांना ती आपण सांगतो ‘कामात चोख असावे’ म्हणून. त्या टाळीचे काय? गोष्टीचा सगळा प्राण टाळीत आहे, आणि नेमकी तीच आपण गाळतो. पुढे १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्याच हातांनी विंचवाचे भारूडही रचले. भारुडाला माणसे हसायला जमतात. तो विंचू कामक्रोधाचा आहे हे त्यांना हसता हसताच कळते. दोन्ही कामे करताना नाथांना संकोच वाटला नाही. तो आपल्याला वाटतो.

‘म्हणजे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचू द्यायच्या की काय?’ अवश्य द्याव्यात. हजारावर पुस्तके लिहून त्या माणसाने महाराष्ट्राला भराभर पाने उलटायची सवय लावली. आपल्या समीक्षकांनी हे ऋण कधी मोकळ्या मनाने मानले नाही. पण ‘काहीही वाचेना का, हातात मोबाइल तरी नाही!’ असे म्हणणारे जे नवे उदार पालक निघाले आहेत, त्यांच्याशीही माझे पटत नाही. करमणूक त्यांनाही हलकीच वाटते, फक्त ते तिला माफ करतात. जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरालाही वाटते आपण फार लांब जाऊन आलो. उतरते ते बसले होते तेथेच. पोराला हसवत, घाबरवत दुसऱ्या गावी नेऊन सोडणारी पुस्तके निराळी, आणि ती मराठीत पुष्कळ आहेत.

चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे पंडित, पण त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ लिहिले. आपल्याच घरातला भित्रेपणा आणि बडेजाव त्यात पाहून पोटभर हसता येते. विष्णुभट गोडसे तर दक्षिणेच्या आशेने वरसईहून उत्तरेला निघालेला साधा भिक्षुक. तो सत्तावनच्या धामधुमीत सापडला, झाशीच्या वेढ्यात अडकला. त्याचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघाला. हा लेखक वीर नाही, तो भितो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. आणि ‘श्यामची आई’! साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. बक्षीस-समारंभांनी त्या पुस्तकाचा केवढा छळ केला आहे! पोहायला भिऊन घरात लपून बसणारा श्याम आणि त्याला शिमटीने फोडून काढणारी आई मुलाला सहज आपली वाटेल. पण पुस्तक हातात ठेवतानाच आपण म्हणतो, ‘वाच, म्हणजे शहाणा होशील.’ तेथेच ते मेले.

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या पोराला सुटीत मराठी पुस्तक उघडण्याची सक्ती कोणी करीत नाही. त्याला ओढून आणील ती गोडीच. तीही आपण काढून घेतली तर आणखी वीस वर्षांनी दिवाळी अंक कोणाच्या घरी जाणार?

निवड करायची ती आधी स्वतः वाचून. ही गोष्ट इतकी सोपी आहे की कोणी करीत नाही. पंधराव्या पानावर जे पुस्तक तुमच्याच हातून गळते, ते मुलाला ‘चांगले’ म्हणून देणे ही लबाडी आहे. दिवाळीत चार दिवसांची फुरसत आहे. या दिवसांत सुटीसाठी तीन-चार पुस्तके वाचून बाजूला ठेवावीत. मे महिन्यात दुपारी बाहेर ऊन रणरणत असताना घरातल्या कोणी त्यातले एक मोठ्याने वाचायला घ्यावे. बोध काय घेतलास, असे मध्येच विचारू नये. ऐन रंगात आले की पुस्तक उशाशी मिटून खुशाल झोपी जावे. पुढचे ज्याला राहवणार नाही तो वाचील.