फक्त दहा रुपयांत आत!

तर दोस्तहो, पोकरमध्ये माझा एक लाडका फंडा होता, लिंप! म्हणजे रेझचं टेन्शन न घेता फक्त बिग ब्लाइंडइतके पैसे टाकायचे आणि फ्लॉपची तीन पानं स्वस्तात बघायची. माझ्या ऑनलाइन टेबलावर बिग ब्लाइंड होता दहा रुपये. दहा रुपयांचं काय एवढं, यार? ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, ॲप बंद पडलं, तेव्हा कुठे हिशेब केला. दोन वर्षांत अठ्ठेचाळीस हजार! बायकोला पत्ताच नाही.

त्याच महिन्यात पोळ्याला भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. तान्ह्या पोळ्याची दुपार, पोरं लाकडी बैल ओढत गावभर, आणि ओसरीवर मामांचा तीन पत्तीचा डाव. पैसे नाहीत, चिंचोके. मी सवयीने पत्ते उचलले. राणी, सत्ता, चौका. मामा ब्लाइंड, त्यांनी दोन टाकले म्हणून मला चार. टाकले. पुढच्या फेरीत पुन्हा चार.

मामा झाडीबोलीत म्हणाले, ‘‘पत्ते पायले ना तू? मंग वाढव, नाई त फेक. मंधात कायले लटकून रायला बाप्पा?’’

ट्यूब पेटली! तीन पत्तीत निम्म्या दराची सवलत मिळते ती पत्ते न बघणाऱ्याला. मी मात्र पोकरमध्ये पत्ते बघून, ते फेकायच्या लायकीचे आहेत हे कळूनही दहा रुपये टाकत होतो. वर सगळ्या टेबलाला कळायचं की याच्याकडे काही नाही. मग कुणीतरी चाळीस करायचा, आणि ‘दहा तर गेलेच आहेत’ म्हणून मी तेही द्यायचो.

शंभर हातांत तीस वेळा लिंप करून फ्लॉपनंतर फेकलं, की तीनशे रुपये गेले. हातात दोन बदाम असताना फ्लॉपवर आणखी तीन बदाम येणं शंभरात एकदाही होत नाही. छोट्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा मिळतं. आधी दोघा-तिघांनी लिंप केलं असेल तर तेवढ्यापुरता हा फंडा ठीक. मी तो राणी-सत्त्यावरही वापरायचो!

परतीच्या गाडीत बायकोला आकडा सांगितला. भंडारा रोड ते नागपूर ती एक शब्द बोलली नाही. नागपूरला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, ‘‘किती म्हणालास? परत सांग.’’