सेनापती बाद झाला तर?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो,

सातवीच्या वर्गात मराठ्यांचा स्वातंत्र्यसंग्राम शिकवताना एखादं तरी पोर विचारतंच, "सर, १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मग लढाई थांबली कशी नाही?"

आपण म्हणतो, "शौर्य!" उत्तर खरं आहे, पण अपुरं. संताजी, धनाजी आणि इतर सरदार आपापल्या भागात स्वतः निर्णय घेत होते. प्रत्येक छाप्यासाठी जिंजीहून हुकूम येण्याची वाट पाहणं शक्यच नव्हतं. १७०७ साली औरंगजेब आपल्या नगरलाच वारला, तोवर ही लढाई चालूच होती.

हे मुलांना कळावं म्हणून मैदानावर दोन गट केले. पहिल्या गटाला सेनापती दिला. त्याच्या हुकमाशिवाय हलायचं नाही. दुसऱ्याला फक्त तीन नियम: सोबती नजरेआड होऊ द्यायचा नाही, समोर जास्त दिसले की पळायचं, कमी दिसले की गाठायचं. मध्येच मी सेनापतीला बाद केलं. पहिला गट जागच्या जागी उभा! दुसऱ्याचा खेळ चालूच.

संगणकावर हेच हजारो वेळा करता येतं. प्रत्येक आभासी सैनिकाला साधे नियम द्यायचे आणि सगळ्यांचं मिळून काय होतं ते पाहायचं. याला एजंट-आधारित सिम्युलेशन म्हणतात. संपर्क तुटल्यावर तुकड्या कशा वागतील, हे लष्करी अभ्यासक असंच तपासतात. नेटलोगो हे मोफत सॉफ्टवेअर शाळेतही वापरता येतं.

पण मुलांना दुसरी बाजूही दाखवा. सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचायचं म्हटल्यावर आमचा दुसरा गट पार विस्कटला. इतिहासातही संताजी-धनाजींचं पुढे फाटलंच. शिवाय सिम्युलेशन म्हणजे पुरावा नव्हे. आपण घातलेल्या नियमांतून काय निघू शकतं, एवढंच ते सांगतं. वतनाची आशा, भूक, भीती हे नियमांत घातलंच नाही, तर उत्तरात कुठून येणार?

माझं मत विचाराल तर संगणक नंतर, मैदान आधी. कारण त्या दिवशी खरा धडा मलाच मिळाला. सेनापती बाद झाल्यावर पहिल्या गटातली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती, "सर, आता काय करू?" ही सवय त्यांना कोणी लावली? शाळेत आपण आणि घरी तुम्ही. निदान रोजचा एखादा निर्णय तरी मुलांना घेऊ द्या. चुकला तर चुकला.